सोपा आणि बाल्कांव

खेड्यातली खरी बातमी वर्तमानपत्रात येत नाही. ती प्राथमिक शाळेत येते. कुणाची गाय व्याली, कुणाचा बाप आखातातून सुट्टीवर आला, कुणाच्या आजीला म्हापशाच्या इस्पितळात ठेवले आहे, कुणाच्या घरी काल रात्री भांडी आपटली, हे सारे सकाळी दप्तरातून शाळेत पोहोचते आणि दुपारी दुसऱ्या दप्तरांतून घरोघर जाते. वर्तमानपत्राला निदान संपादक तरी असतो. पहिलीतल्या पोराला तोही नसतो.

ज्या शाळेविषयी मी लिहिते आहे ती बार्देशातल्या एका गावातली, इगर्जीच्या आवाराला लागून असलेली. एक बालवर्ग, चार इयत्ता, मंगलोरी कौलांचे छप्पर, पुढे लाल मातीचे अंगण, कोपऱ्यात आंब्याचे झाड आणि त्याला टांगलेला लोखंडी तुकडा, तीच घंटा. शाळेचे नाव देत नाही, कारण अशी शाळा बार्देश, तिसवाडी, सासष्टीत जवळजवळ प्रत्येक मोठ्या इगर्जीपाशी सापडते. बेळगावकडच्या वाचकांनाही मिशनच्या शाळा नव्या नाहीत. बेळगावचे सेंट पॉल हायस्कूल १८५६ सालचे, म्हणजे मुंबई विद्यापीठाहूनही एका वर्षाने वडील. पण ती शहरातली मोठी शाळा. आमची शाळा गावातली, धाकटी आणि गरीब.

मी मूळची खानापूर तालुक्यातली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आमचा भाग म्हैसूर राज्यात गेला आणि त्यानंतर वर्षभरात माझा जन्म झाला. त्यामुळे मी जन्मले तीच दोन भाषांत. घर मराठी, शाळा मराठी, पण शाळेतच कानडीही शिकले आणि बसवरच्या पाट्या वाचण्यापुरती नव्हे तर चांगली शिकले. वडिलांना मात्र कानडी अक्षर ओळखता येत नसे. कचेरीतून कागद आला की ते तो घेऊन पेठेतल्या एका लिंगायत दुकानदाराकडे जात. तो तराजू बाजूला ठेवून कागद वाचून दाखवी आणि वडील येताना त्याच्याचकडून गूळ घेऊन येत. कागद कसलाही असो, त्या दिवशी घरात गूळ यायचा. आपल्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घेणे म्हणजे काय, हे मी वडिलांच्या चेहऱ्यावर पाहिले होते. ते पुढे उपयोगी पडले.

१९७८ साली लग्न होऊन गोव्यात आले. सासरी बोलणे कोंकणी आणि वाचणे मराठी. गोव्यातल्या हिंदू घरांची ही जुनी रीत आहे. सासूबाई भांडत कोंकणीत आणि पोथी वाचत मराठीत. दोन्ही एकाच श्वासात आणि दोन्ही तितक्याच मनापासून. आमच्या घराला तुळशीवृंदावनासमोर सोपा. शेजारच्या घराला पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दगडी बाके असलेले बाल्कांव. मधे एक फणसाचे झाड. फणस कुणाच्या हद्दीत पडला यावर दोन पिढ्यांचे मतभेद होते. फणस खाण्यावर मात्र कधीच नव्हते.

१९८६ च्या जूनमध्ये मुलीला इगर्जीच्या शाळेत घातले. सरकारी मराठी शाळा शेते ओलांडून पलीकडच्या वाड्यावर, पावसात वाट पाण्याखाली जाणारी. ही शाळा हाकेच्या अंतरावर. शिवाय ही तेव्हा इंग्रजी माध्यमाची होती आणि यजमान बँकेत असल्यामुळे त्यांना इंग्रजीचे महत्त्व रोज दहा ते पाच समजत असे. त्याच डिसेंबरात राजभाषेच्या प्रश्नावरून गोवा पेटला. माणसे दगावली. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ओळखीची माणसे नजर चुकवू लागली. १९८७ च्या फेब्रुवारीत राजभाषेचा कायदा झाला, देवनागरीतली कोंकणी राजभाषा ठरली आणि मराठीलाही सरकारी कामकाजात जागा मिळाली. त्या सगळ्या दिवसांत शाळेत मात्र मुलीच्या डब्याला कुणी भाषा विचारली नाही. मुख्याध्यापिका सिस्टर फाटकापाशी उभ्या राहून प्रत्येक मुलाचा हात हातात घेत, तो तापलेला आहे का ते पाहत आणि आत सोडत. हिंदू मुलाचा, किरिस्तांवाचा, रापणकाराचा, पोदेराचा. ताप सगळ्यांना सारखाच येतो.

शाळेचे वर्ष दोन पंचांगांवर चाले. शाळा उघडून पंधरा दिवस होत नाहीत तोच २४ जूनचे सांजांव. मुले डोक्यावर पानाफुलांचे कोपेल घालून येत आणि आमची कन्या तुळशीच्या मंजिऱ्यांचे करून नेई. ऑगस्टात कणसांचे फेस्त, इगर्जीत नव्या भाताची कणसे आशीर्वादाला ठेवत. मग चवथीची लांब सुट्टी, जिच्यात आमच्याकडे तेच नवे भात देवापुढे येई. दिवाळीत मुले नरकासुराच्या चिंध्या गोळा करत, त्यात पाद्रींचा जुना छत्रीचा सांगाडाही एकदा कामी आला. नाताळच्या आधी गोठा बांधायचा. त्यासाठी गवत कुणाचे, तर आमच्या गोठ्यातले. बाळ येशू आमच्या कपिलेच्या गवतावर निजला आहे हे सासूबाईंना कळले तेव्हा त्या म्हणाल्या, "आनीक व्हर गो. भुरगें न्हय तें?" आणखी घेऊन जा म्हणाल्या. मूलच ना ते!

आणि रोज सकाळी प्रार्थनेनंतर 'खबर'. बालवर्गापासून चौथीपर्यंत प्रत्येक वर्गातल्या एका मुलाने उठून एक बातमी सांगायची आणि सिस्टरनी ती अंगणातल्या फळ्यावर खडूने लिहायची. मुलगी इंग्रजीत शिकत होती तेव्हा खबर इंग्रजीत सांगावी लागे आणि म्हणून ती रोज एकच असे: आज पाऊस आहे, आज ऊन आहे. चार वर्षे आमच्या घरातून शाळेला फक्त हवामान कळले.

१९९० च्या ऑगस्टात मात्र फळ्यावरच्या खबरेला धार आली. २ ऑगस्टला इराकने कुवेत घेतले. तेव्हा कुवेतमध्ये गोव्याची किती माणसे होती हे राजधानीत कुणी मोजले असेल नसेल, आमच्या सिस्टरनी आपल्या शाळेपुरती मोजली. फळ्याच्या एका कडेला ज्या मुलांचे बाप किंवा आया तिकडे अडकल्या होत्या त्यांची नावे लिहिली. नऊ होती. त्यात शेजारणीच्या धाकट्याचे नाव होते. तो आणि आमचा धाकटा एकाच बालवर्गात. फोन गावात दोन-तीन घरी आणि पाद्रींच्या घरी. कुवेतहून फोन लागतच नसे. सकाळी मुलांना सोडायला आलेल्या बायका फळ्यापाशी थांबत आणि नऊ नावे वाचून घरी जात. मी आणि शेजारीण तोवर फणसापुरत्या बोलत होतो. त्या महिन्यात ती संध्याकाळी आमच्या सोप्यावर येऊन बसू लागली, कारण आमच्याकडे रेडिओवर मराठी आणि इंग्रजी दोन्ही बातम्या लागत आणि मी त्या तिला कोंकणीत सांगत असे.

त्या शरदात एअर इंडियाने अम्मानमार्गे लाखाहून अधिक भारतीयांना परत आणले. सप्टेंबरच्या शेवटी एका पहाटे मुंबईच्या बसमधून तिचा नवरा उतरला, हातात एक पिशवी घेऊन. बारा वर्षांची कमाई तिकडेच राहिली होती. त्या दिवशी बालवर्गातून खबर सांगायला तिचा धाकटा उठला. पाच वर्षांचे पोर, इंग्रजी वाक्य त्याला पाठ करवले होते. तो ते विसरला आणि ओरडला, "म्हजो पाय आयलो!" सिस्टरनी तसेच लिहिले, रोमी अक्षरांत, मोठे. आमच्या शाळेच्या फळ्यावर मी पाहिलेली ती पहिली कोंकणी खबर.

त्याच वर्षी शाळेवर दुसरी बातमी येऊन थडकली होती. तेव्हाच्या शिक्षणमंत्री शशिकला काकोडकर यांनी धोरण जाहीर केले की सरकारी अनुदान हवे असेल तर प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून, म्हणजे कोंकणीतून किंवा मराठीतून हवे. ज्या खाजगी शाळांना फी परवडणारे पालक होते त्या इंग्रजीतच राहिल्या. धर्मप्रांताच्या गावोगावच्या शाळांना ते शक्य नव्हते. त्यांतल्या बहुतेक कोंकणीकडे वळल्या. आमचा धाकटा आणि शेजारणीचा धाकटा १९९१ च्या जूनमध्ये पहिलीत गेले ते कोंकणी शाळेत. इमारत तीच, सिस्टर त्याच, घंटा तीच. फळ्यावरची अक्षरे बदलली.

आणि इथेच खरी गोष्ट सुरू होते. पुस्तके कोंकणी होती, पण देवनागरीत. आता गोव्यातल्या किरिस्तांव कुटुंबांची कोंकणी ही बोलण्यात, प्रार्थनेत, गाण्यात, तियात्रात रात्रंदिवस वापरातली भाषा. पण ती ते वाचतात रोमी लिपीत. पिलारहून १९३३ साली निघू लागलेले 'वावराड्यांचो इष्ट' हे साप्ताहिक तिच्या सासऱ्यांनी वर्षानुवर्षे जपून ठेवले होते. तिच्या प्रार्थनेचे पुस्तक रोमीत, नवऱ्याची पत्रे रोमीत. देवनागरी तिने हायस्कुलात हिंदीपुरती गिरवली होती आणि सोडून दिली होती. पहिल्या आठवड्यात शाळेतून चिठी आली. ती घेऊन ती सोप्याच्या पायरीशी उभी राहिली.

"बाये, हें कितें बरयलां गो?"

मी वाचले. "शनिवारी पालक सभा आहे."

"पालक? भाजयेची सभा?"

आम्ही दोघी इतक्या हसलो की सासूबाई आतून बाहेर आल्या. पण हसणे ओसरल्यावर मला तिच्या चेहऱ्यावर वडिलांचा तो चेहरा दिसला. भाषा तिची, गाव तिचे, मूल तिचे, शाळा तिच्या इगर्जीची. आणि कागद वाचायला ती माझ्या पायरीशी. मी, जी तीन राज्यांच्या तिठ्यावरून आले आणि कोंकणी सासूकडून शिकले, त्या मला ते पुस्तक पाण्यासारखे सोपे. मराठी वाचणाऱ्याला देवनागरी कोंकणी वाचता येते, यात माझे कर्तृत्व काहीच नाही.

शब्दांचीही अडचण होती. पुस्तकातली कोंकणी फोंड्याकडच्या हिंदू घरांतल्या वळणाची. तिच्या घरात शाळा म्हणजे इश्कोल, पुस्तक म्हणजे लिव्र, खुर्ची म्हणजे कदेल. मूल घरून एक शब्द घेऊन जाई आणि शाळेतून दुसरा आणी. तिचा धाकटा एकदा रडवेला होऊन म्हणाला, मम्मीची कोंकणी चुकीची आहे. त्यावर सिस्टरनी जे केले ते कुठल्या शासकीय परिपत्रकात नव्हते. त्यांनी फळ्यावर दोन रकाने आखले आणि प्रत्येक मुलाला घरचा शब्द आणायला सांगितला. आठवड्याभरात खुर्चीला, पेल्याला, खिडकीला दोन-दोन, तीन-तीन नावे झाली. आमच्याही घरून खानापुरी शब्द गेले. कुणाचा शब्द खोडला नाही.

त्या पावसाळ्यापासून आमच्या सोप्यावर संध्याकाळची शाळा भरू लागली. आधी शेजारीण आणि तिचा धाकटा, मग पोदेरीण आपल्या मुलीला घेऊन, मग वरच्या वाड्यावरची एक, जिचा नवरा बोटीवर होता. मी त्यांना क, ख, ग शिकवत नव्हते. त्या मुलांच्या मागे बसून मुलांबरोबर शिकत होत्या. आईला धडा वाचता आला नाही की मुलाच्या डोळ्यांत ती आई थोडी लहान होते. ते होऊ नये म्हणून त्या आधी येऊन उद्याचा धडा वाचून जात आणि मग घरी ऐटीत मुलाला विचारत. या गुपितात गावातल्या सहा-सात बायका चार वर्षे सामील होत्या. आज ती मुले चाळिशीला आली, म्हणून सांगते.

फेड म्हणून शेजारणीने मला रोमी शिकवली, बाल्कांवाच्या दगडी बाकावर बसून. एक्स आला की 'श' म्हणायचे, दोनदा टी आला की 'ट', शब्दाच्या शेवटी एम आला की ओठ मिटायचे नाहीत, तो अनुस्वार. पोर्तुगिजांची वळणे आहेत ही. इगर्जीच्या दारावर लागणाऱ्या सूचना मी वाचू लागले: कुणाचे लग्न ठरले, कुणाची महिन्याची मीस आहे, फेस्ताचा यजमान कोण. शाळेतून निम्मे गाव कळत होते, उरलेले निम्मे आता कळू लागले. त्याच दिवसांत एका जुन्या अंकात वाचले की फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठीत रचलेले सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापले गेले ते रोमन अक्षरांत. म्हणजे पावणेचारशे वर्षांपूर्वी याच भूमीत मराठी रोमन अक्षरांत छापली जात होती, आणि आता कोंकणी देवनागरीत शिकवली जात होती. मी हे शेजारणीला सांगितले. ती म्हणाली, "तर मग त्या पाद्रीकडेही कुणीतरी सोप्यावर येऊन बसत असणार." इतिहासाच्या पुस्तकात असे वाक्य मला मिळाले नाही, पण मला ते पटते.

खबर मात्र या चार वर्षांत फुलली. हवामान संपले. आमच्या गायीला पाडस झाले, पापाने फोन केला, आजी रात्री पडली, विहिरीत कासव आहे, ताई रुसून मावशीकडे गेली. सिस्टरना लिहिताना खडू पुरत नसे. एक दिवस पोदेराच्या मुलीने सांगितले की बाबा दोन दिवस उठले नाहीत, भट्टी थंड आहे. दुपारपर्यंत तीन घरांतून माणसे भट्टीवर पोहोचली आणि त्याला म्हापशाला नेले. ती मुलगी हे इंग्रजीत सांगू शकली असती का? पाच वर्षांच्या मुलाला आपल्या भाषेत दुःख सांगता आले की ते दुःख गावाचे होते. प्राथमिक शिक्षण आईच्या भाषेतून व्हावे असे मी मानते ते कुठल्या व्याख्यानामुळे नव्हे, त्या थंड भट्टीमुळे.

पण दुसरी बाजूही मी जवळून पाहिली. चौथी संपली आणि पाचवीत सगळे एकदम इंग्रजी. काल 'उदक' होते ते आज प्रयोगशाळेतले काहीतरी झाले. आमच्या धाकट्याला घरी यजमानांची इंग्रजी होती, ताईची वह्या-पुस्तके होती. शेजारणीच्या धाकट्याला यांतले काही नव्हते. बाप पुन्हा आखातात गेलेला. त्या मुलाने पाचवी दोनदा काढली. चार वर्षे वर्गात सगळ्यांत जास्त खबर सांगणारे पोर पाचवीत मुके झाले. तो पुढे बोटीवर लागला, चांगले कमावतो. पण ती दोन वर्षे त्याच्या आईच्या मनातून गेली नाहीत.

म्हणून २०११ मध्ये जे झाले ते मला अनपेक्षित नव्हते. पालकांच्या संघटनांनी इंग्रजीसाठी जोर धरला, दिगंबर कामत सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान द्यायचे ठरवले. धर्मप्रांताच्या शंभरावर शाळा पुन्हा इंग्रजीकडे वळल्या. भारतीय भाषा सुरक्षा मंचाने विरोधात रान उठवले. २०१२ मध्ये सरकार बदलले तरी ते अनुदान चालूच राहिले. पुढे २०१४ च्या मे महिन्यात कर्नाटकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्राथमिक शाळांवर मातृभाषेचे माध्यम सरकारला लादता येत नाही. सीमाभागातल्या वाचकांना त्या निकालाची दोन्ही टोके ठाऊक आहेत.

आमच्या शाळेतही सभा झाली. मुलीचे सासर शेजारच्याच वाड्यावर, नात बालवर्गात. मुलगी नोकरीवर, म्हणून सभेला मी गेले. शेजारीणही आपल्या नातवाची आजी म्हणून आली होती. वीस वर्षांपूर्वी भाजीच्या सभेला हसलेल्या आम्ही दोघी एकाच बाकावर बसलो. मी उठून थंड भट्टीची गोष्ट सांगितली आणि कोंकणी राहू द्या म्हटले. बऱ्याच जणांनी माना हलवल्या. मग ती उठली. तिला सभेत बोलायची सवय नाही. तिने कुणाकडे न पाहता म्हटले, "हिचें खरें. पूण हांवें चार वर्सां हिच्या सोप्यार बसून काडलीं. जांचे शेजाराक सोपो ना, तांणीं कितें करप?" आणि खाली बसली.

हिचे खरे आहे. पण चार वर्षे मी हिच्या सोप्यावर बसून काढली, ज्यांच्या शेजारी सोपा नाही त्यांनी काय करायचे? त्या सभेत आणि नंतर वर्तमानपत्रांत या प्रश्नावर मी पुष्कळ ऐकले नि वाचले, पण यापेक्षा नेमके कुणी बोलले नाही. माझे मत आजही तेच आहे. पण तिच्या वाक्याला उत्तर दिल्याशिवाय ते पुरे होत नाही. आईची भाषा म्हणताना आईची लिपीही धरावी लागते, आईच्या तोंडचे शब्दही धरावे लागतात आणि पाचवीच्या उंबरठ्यावर मुलाचा हात कोण धरणार तेही सांगावे लागते. हे न सांगता मातृभाषेचा आग्रह धरणे म्हणजे वाट न बांधता पलीकडच्या वाड्यावर शाळा बांधणे.

सभेतून परत येताना आम्ही दोघी गप्प होतो. फणसापाशी आल्यावर ती म्हणाली, "राग आयला?" मी म्हटले, "आला." ती म्हणाली, "म्हाकाय." माझाही तसाच. त्या दिवाळीला फोवांचे ताट तिच्याकडे नेहमीपेक्षा दोन दिवस आधी गेले. आणि नाताळात तिच्याकडून नेवऱ्या आणि दोदोल आले तेव्हा ताटात बेबिंकाचा तुकडा जरा मोठा होता. आमच्यात माध्यमाचा प्रश्न एवढाच सुटला आहे.

नात २०१२ मध्ये पहिलीत गेली, इंग्रजी माध्यमात. खबरेची पद्धत नव्या मुख्याध्यापिकांनी चालू ठेवली, एका बदलाने. मूल हव्या त्या भाषेत सांगते, शिक्षिका फळ्यावर इंग्रजीत लिहितात आणि सगळी मुले मोठ्याने वाचतात. हे १९९१ इतके मोकळे नाही आणि १९८६ इतके कोंडलेलेही नाही. नात म्हणे, "आजी, मी सांगते ते टीचर लिहिते, पण मी सांगते तसे लिहीत नाही." भाषांतराची याहून चांगली व्याख्या मला कुणी शिकवलेली नाही.

आता शाळा पुन्हा बदलली आहे, आणि या वेळी सरकारने किंवा धर्मप्रांताने नव्हे. पोर्तुगिज पासपोर्ट काढून कितीतरी घरे इंग्लंडला गेली. शेजारणीचे थोरले चिरंजीव त्यातलेच. कित्येक बाल्कांवांना कुलपे आहेत. प्राथमिक शाळांतली पटसंख्या घसरते आहे, शेजारशेजारच्या शाळा एकत्र करण्याची चर्चा होते. तरी आमची शाळा उघडी आहे, कारण वर्गात नवी मुले आली: बांधकामावर, बागांत, हॉटेलांत काम करणाऱ्यांची. कुणी ओडिशाचे, कुणी उत्तर प्रदेशातले, आणि पुष्कळसे गदग, विजापूर, बेळगाव जिल्ह्यांतले. प्रार्थनेला ती हात जोडतात, सांजांवाला कोपेल घालतात, दुपारी बचत गटाच्या बायकांनी आणलेली पावभाजी खातात. फेस्ताच्या मिरवणुकीत कागदी झेंडे धरणारे निम्मे हात आज त्यांचेच आहेत.

गेल्या जूनमध्ये त्यांच्यातली एक तरुण बाई फाटकात उभी राहिली. हातात शाळेचा इंग्रजी कागद. तिला कानडी वाचता येते, इंग्रजी नाही, हिंदी अर्धीमुर्धी. घरमालकाने तिला सांगितले होते की त्या आजीबाईंना कानडी येते. "अक्का, इदराग एन ऐती?" यात काय आहे? पन्नास वर्षे गंजलेली माझी कानडी बाहेर काढली आणि वाचून सांगितले. पालक सभा आहे, शनिवारी. ती दर आठवड्याला येते आता. तिच्या मुलीचा उद्याचा धडा ती आधी वाचून जाते, इंग्रजीचा, बोट धरून. अर्थ मी कानडीत सांगते आणि जिथे मला अडते तिथे नात सांगते. पेठेतला तो लिंगायत दुकानदार आज असता तर त्याला सांगितले असते की त्याचा गूळ अजून संपलेला नाही.

शेजारीण सत्तरीला आली. तिचे गुडघे दुखतात, म्हणून आता मीच बाल्कांवावर जाते. माझ्या बेळगावच्या भाचरांचे निरोप मोबाइलवर येतात ते मराठीत, पण इंग्रजी अक्षरांत टंकलेले. शाळा बंद होती त्या साथीच्या दोन वर्षांत शाळेच्या साऱ्या सूचना आणि मुलांच्या खबराही अशाच येत. माझी गाडी त्या अक्षरांवर अजून अडखळते. शेजारणीची अडखळत नाही. तिचा जन्म रोमीत गेला. ती चष्मा वर सरकवते आणि माझ्या भाचीची मराठी मला घडाघडा वाचून दाखवते, उच्चार बार्देशी, मजकूर बेळगावी: मावशी, दिवाळीला ये, चकली जमत नाही.

शाळेचे माध्यम या चाळीस वर्षांत तीनदा ठरले. पुढेही ठरेल, आणि ते कोण ठरवील ते आपल्या हाती फारसे नाही. पण फाटकातून मूल आत गेल्यावर त्याच्या मागे बाहेर उभी राहिलेली एक आई असते आणि तिच्या हातात एक कागद असतो. तो वाचून दाखवायला गावात कुणी तरी मोकळे असावे लागते. यंदा पहिलीत चौदा मुले आहेत. घरच्या भाषा पाच. फळ्यावर रोज सकाळी एक खबर लागते. परवाची होती, कानडी मुलीने सांगितलेली, की त्यांच्या खोलीच्या पत्र्यावर मोर आला होता.